पाच सिटिंगची लाईट म्हणजे अर्धवट काम का?

कुडाळची काकू

नमस्कार मंडळी. मोबाइलवर बोट फिरवत लिहितेय, काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या.

वय ६२. डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ. आंघोळीच्या वेळी हाताला लागली असं सगळ्या सांगतात, माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. मुलीनं हट्ट करून मॅमोग्राफी करवली, तिच्यात दिसली. कोल्हापूरला ऑपरेशन झालं त्याला आज पंचवीस दिवस. स्तन ठेवलाय, फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढला. काखेतल्या तीन ग्रंथी तपासायला काढल्या, तिन्ही स्वच्छ. रिपोर्ट मी आता पाठ म्हणून दाखवू शकते: गाठ १.३ सेंटिमीटर, ग्रेड दोन, कडा मोकळ्या म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही, ईआर पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर वाढणारी, हर-टू नावाचं प्रथिन निगेटिव्ह. केमो नको म्हणाले. हार्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी पाच वर्षं. आणि लाईट, म्हणजे रेडिएशन.

घोळ या लाईटचाच आहे. रेडिएशनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक, पूर्ण स्तनाला लाईट, पंधरा सिटिंग, तीन आठवडे. दुसरा, जिथून गाठ काढली तेवढ्याच भागाला, पाच सिटिंग, एक दिवसाआड. तुमच्या केसमध्ये दोन्ही बरोबर, घरी बोला आणि सोमवारी सांगा. आता घरी काय बोलणार? आमचे हे रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. ते म्हणाले, पाच फेऱ्या बऱ्या, फोंडा घाट पंधरा वेळा चढायला नको. जावई पुण्याहून म्हणाले, आई, फुल ते फुल, प्रवासाकडे बघू नका. आणि नणंद. तिला २००६ साली हेच झालं होतं, तिनं तीस लाईटी घेतल्या, महिना-दीड महिना परळला धर्मशाळेत राहून. ती फोनवर म्हणाली, "अगो, मी तीस घेतल्या म्हणून आज बोलतेय. तुला पाचात गुंडाळतायत."

तो 'गुंडाळतायत' शब्द डोक्यातून जात नाही. पैशासाठी करतायत म्हणावं तर पॅकेज दोन्हींचं जवळपास सारखंच सांगितलंय. मी एकोणतीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोलिओचा डोस चुकवू नका, अर्धा घेऊन पळू नका, हे घरोघरी मीच सांगत फिरले. आता माझ्याच बाबतीत अर्धा डोस घेऊन पळायचं का?

कुणी असा थोड्या भागाचा शेक घेतलाय का? सोमवारपर्यंत कळलं तर बरं.

डोसवाला, ठाणे

काकू, मी डॉक्टर नाही. रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे, म्हणजे मशीनमधून किती किरण कुठे जातील याचं गणित मांडणारा आणि ते तसेच जातायत का हे मोजणारा. १९ वर्षं हेच करतोय. सल्ला तुमच्या डॉक्टरांचाच घ्या, मी फक्त गणित सांगतो.

आधी नणंदबाईंचं. त्यांच्या वेळी बहुतेक ठिकाणी पूर्ण स्तनाला २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) आणि वर गाठीच्या जागेला थोडा जादा डोस, असे तीसच्या आसपास व्हायचे. नंतर इंग्लंडमधल्या चाचण्यांनी दाखवलं की रोजचा डोस जरा वाढवून १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे दिले तरी तेवढंच काम होतं. म्हणजे तुम्हाला जे 'फुल' म्हणून सांगितलंय तेही नणंदेच्या हिशेबानं निम्मंच आहे. त्याबद्दल तुमच्या घरात कुणी ओरडलं नाही!

ग्रेची नुसती बेरीज करायची नसते. पाच सिटिंगवाल्या पद्धतीत रोज ६ ग्रे, एकूण ३० असतात. ३० हा आकडा ४० पेक्षा लहान, पण एका दिवशी पडणारा घाव मोठा, आणि पेशींवरचा परिणाम घावाच्या मोठेपणानं नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. तुमच्या पोलिओच्या भाषेत, डोस अर्धा केलेला नाही. डोस पुरा आहे, तो कमी जागेत दिलाय.

आता जागा कमी का चालते? गाठ काढून स्तन ठेवला तर चालतं हे मिलान आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी पक्कं केलं. त्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. जगण्याच्या बाबतीत स्तन काढलेल्या आणि ठेवलेल्या बायकांत फरक नव्हता. त्याच काळात आणखी एक गोष्ट सारखी दिसत होती. त्याच स्तनात पुन्हा गाठ आली तर ती बहुतेक वेळा जुन्या जागेच्या आसपासच येते. मग चांगल्या प्रकारच्या, लहान गाठीसाठी सगळ्या स्तनाला, त्यामागच्या फुप्फुसाला आणि डावीकडे असेल तर हृदयाला किरण कशाला, असा प्रश्न आला. तो अंदाजावर सोडला नाही, हजारो बायकांवर तपासला.

तुमच्या डॉक्टर सांगतायत ती पद्धत मला तरी इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या चाचणीतली वाटते. ५२० बायका. निम्म्यांना पूर्ण स्तनाला ५० ग्रे आणि वर १० चा जादा डोस, निम्म्यांना फक्त गाठीच्या जागेला पाच वेळा, दिवसाआड. दहा वर्षांनी त्याच स्तनात परत गाठ आलेल्या: पूर्णवाल्यांत २.५ टक्के, थोड्या भागवाल्यांत ३.७. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान. जगण्यात फरक नाही. कातडीचा त्रास थोड्या भागवाल्यांना कमी आणि स्तनाचा आकारही जास्त चांगला राहिला. इंग्लंडच्या इम्पोर्ट लो या चाचणीत २०१८ बायका होत्या, वय ५० च्या पुढे. तिथं सिटिंग १५ च ठेवले आणि फक्त जागा कमी केली. पाच वर्षांनी परत येण्याचं प्रमाण पूर्णवाल्यांत १.१ टक्के, थोड्या भागवाल्यांत ०.५.

सगळीकडे गोडच निकाल लागले असं मात्र नाही. कॅनडाच्या रॅपिड चाचणीत दिवसातून दोनदा, पाच ते आठ दिवसांत दहा सिटिंग दिले. कॅन्सर आवरला तितकाच, पण पुढं स्तन कडक होणं, आकार बिघडणं हे जास्त झालं. दोन डोसांमध्ये सहा-आठ तासांची उसंत चांगल्या पेशींना सावरायला पुरली नसावी, असं आमच्यात मानतात. म्हणून बाहेरच्या मशीनवर दिवसातून दोनदा सांगितलं तर मी चार प्रश्न जास्त विचारेन. दिवसाआडला नाही.

अमेरिकेतल्या रेडिएशन डॉक्टरांच्या संघटनेची २०२३ ची मार्गदर्शिका वय ४० आणि पुढं, गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, ग्रेड एक किंवा दोन, ईआर पॉझिटिव्ह, असं असेल तर थोड्या भागाची लाईट सरळ सुचवते. काखेत पसरला असेल, कडा मोकळ्या नसतील, वय चाळिशीच्या आत असेल किंवा बीआरसीए या जनुकात जन्मजात दोष असेल तर नको म्हणते. तुमचा रिपोर्ट कुठं बसतो ते तुम्हीच बघा.

आणि एक काम कराच. डिस्चार्जच्या फायलीत ऑपरेशन नोट असेल, त्यात 'क्लिप्स' शब्द शोधा. गाठ काढल्यावर त्या पोकळीच्या भिंतींना सर्जन टायटॅनियमच्या बारीक क्लिपा लावून ठेवतात. आम्हाला सीटीवर जागा ओळखायची खूण तीच. 'थोडा भाग' म्हणजे कुठला भाग, हे त्यावरून ठरतं.

सोलापुरी चादर

मी घेतलाय थोड्या भागाचा, पण तुमच्यासारखा नाही. सुयांचा. २०१६, मुंबईत. तेव्हा ५४ ची होते.

भूल देऊन स्तनातून आरपार नळ्या घातल्या, माझ्या सतरा होत्या. दोन्ही टोकांना पांढरी बटणं. आरशात बघितलं तर साळिंदर. दिवसातून दोनदा, मध्ये सहा तासांचं अंतर, असे दहा डोस. कागदावर ३४ ग्रे लिहिलं होतं. मशीन एकेका नळीत तार सारतं, तारेच्या टोकाला इरिडियमचा दाणा, तो आतून शेक देतो. आपण खोलीत एकट्या, बाहेर सगळे काचेतून बघतात. दुखत नाही. दुखतं ते कूस बदलताना. आणि शेवटच्या दिवशी नळ्या ओढून काढतात तेव्हा मी आईपासून सासूपर्यंत सगळ्यांची नावं घेतली.

डोसवाले दादा दिवसातून दोनदाला घाबरवतायत, पण सुयांचं वेगळं असतं असं मला तेव्हा सांगितलं होतं.

आठ दिवसांत घरी. तिथं भेटलेली नांदेडची बाई पूर्ण लाईटसाठी दादरला गाडगेमहाराज धर्मशाळेत राहात होती, तिचे दिवस मोजत बसली होती बिचारी. नंतरचं सांगते, कुणी सांगत नाही म्हणून. चार वर्षांनी त्याच जागी टणक गोळा लागला. माझ्या पायाखालची जमीन गेली. मॅमोग्राफी, बायप्सी, दहा दिवस अन्न गोड लागलं नाही. निघालं काय, तर आतली चरबी मरून घट्ट झालेली. लाईटनंतर असं होऊ शकतं म्हणे. आधी सांगितलं असतं तर दहा दिवस वाचले असते. तुम्हाला कधी झालं तर घाबरू नका, पण दाखवल्याशिवायही राहू नका.

कातडीवर अजून देवीच्या व्रणासारखे ठिपके आहेत. ब्लाउजच्या आत, कोण बघतंय!

शंकासूर

माफ करा, पण मी जावयांच्या बाजूचा. माझ्या मावशीला परदेशात ऑपरेशनच्या टेबलावरच एकदाच रेडिएशन देऊन मोकळं केलं होतं, "आता लाईटची गरज नाही" म्हणून. सात वर्षांनी त्याच स्तनात परत. शेत नांगरायचं तर सगळं नांगरावं, एक वाफा नांगरून तण जात नाही. हजार आकडे दाखवा.

डोसवाला, ठाणे

मावशींचं वाईट वाटलं. पण टेबलावर एकदाच देणं आणि काकूंची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची शंका एका पद्धतीच्या बाबतीत खरी ठरलीय हे मी लपवणार नाही. मिलानच्या एलियट चाचणीत ऑपरेशनच्या वेळीच इलेक्ट्रॉनचा २१ ग्रेचा एकच डोस दिला. पंधरा वर्षांनी त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण १२.६ टक्के, पूर्ण लाईटवाल्यांत २.४. म्हणजे पाचपट. एकूण जगण्यात फरक पडला नाही, पण ज्या बाईला दुसऱ्यांदा ऑपरेशनला जावं लागतं तिला हे सांगून काय उपयोग.

टेबलावरच्याच दुसऱ्या पद्धतीला टारगिट म्हणतात, तिच्यात कमी ताकदीचे क्ष-किरण वापरतात. ती १९९८ साली लंडनमध्ये सुरू झाली. ती काढणाऱ्यांपैकी एक सर्जन जयंत वैद्य, आधी आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलात होते. तिथं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काढलेले पूर्ण स्तन बारीक काप करून तपासले, तेव्हा मूळ गाठीपासून दूरच्या भागांतही कॅन्सरचे बारीक ठिपके सापडले. तुमचं तण! पण प्रत्यक्षात पुन्हा उगवतं ते बहुधा जुन्या गाठीच्याच जागी. दूरचे ठिपके बहुतेक तसेच निपचित पडून राहतात. शेतात असं होत नाही, त्यामुळे नांगराची उपमा इथं लागू पडत नाही. टारगिटच्या निकालांवर मात्र आमच्या क्षेत्रात अजून दोन तट आहेत, त्यात शिरत नाही.

काकूंना टेबलावरचं कुणी देत नाहीये. सीटी काढून, पोकळी आखून, तिच्याभोवती दीड-दोन सेंटिमीटर जास्तीची जागा धरून बाहेरून पाच वेळा देतायत.

चादरताई, बरोबर पकडलंत. सुयांच्या पद्धतीत डोस नळ्यांच्या जवळच राहतो, बाहेर झपाट्यानं उतरतो, त्यामुळे चांगला भाग कमी भाजतो. तिची युरोपात ११८४ बायकांवर चाचणी झाली, निकाल चांगले आहेत. मी बाहेरच्या मशीनबद्दल बोलत होतो.

लेस्टरची लेक

काकू, मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडात. वाचताना एक खटकलं. तुम्ही सगळे 'पाच' म्हणजे थोडा भाग आणि 'पंधरा' म्हणजे पूर्ण असं धरून चाललाय. मला २०२१ मध्ये पूर्ण स्तनाला लाईट दिली, पाच सिटिंगमध्येच. सोमवार ते शुक्रवार, संपलं. २६ ग्रे. इथं फास्ट-फॉरवर्ड नावाची चार हजारांवर पेशंटची चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला, कोविडमुळे इथं बऱ्याच ठिकाणी लगेच सुरूही झालं. पाच वर्षांनी परत येण्याचं प्रमाण पंधरावाल्यांपेक्षा जास्त नव्हतं.

त्यामुळे प्रश्न 'पाच की पंधरा' नाही. किती जागा आणि किती दिवस, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फोंडा घाटच अडचण असेल तर "पूर्ण स्तन, पाच दिवस माझ्यासाठी होतं का?" असं विचारून बघा.

आणि हो, थकवा लाईट चालू असतानाच येतो असं नाही. मला संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात आला. मी आपली खुशीत पार्टी ठरवून बसले होते, आणि पाहुणे येईपर्यंत सोफ्यावर आडवी.

कुडाळची काकू

सगळ्यांचे आभार मानायला बराच उशीर झाला, रागावू नका. त्या सोमवारी कोल्हापूरला जाऊन आले.

फाईल शोधली. ऑपरेशन नोटमध्ये इंग्रजीत लिहिलंय, नातवानं वाचलं, क्लिप्स पाच. डॉक्टरीणबाईंना मी तिन्ही प्रश्न वहीत लिहून नेले होते. क्लिपांचं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही अंगणवाडीत होता ना, की मेडिकलला?" लेस्टरच्या ताईंचा प्रश्न विचारला. म्हणाल्या, तेही होऊ शकतं, आम्ही काहींना देतो. पण तुमची गाठ आतल्या बाजूला, खालच्या भागात, हृदयाच्या समोर. थोडाच भाग घेतला तर हृदयाला पोचणारा डोस आणखी खाली येतो. दोन्ही प्लॅन करून मॉनिटरवर दाखवते म्हणाल्या. दाखवलेही. लाल, पिवळं, निळं. पूर्णवाल्यात निळा रंग हृदयाच्या कडेला टेकलेला, थोड्या भागवाल्यात लांब. मला बाकी ग्रे-बिरे कळत नाही, पण रंग कळतात. एकोणतीस वर्षं पोरांचे वजनाचे तक्ते हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यात भरलेत.

थोडा भागच घ्यायचं ठरलं. जावयांना डोसवाले दादांचं सगळं लिहिणं पाठवलं, त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

शंकासूर, तुमच्या मावशीसाठी वाईट वाटलं. मीही विचारलं, परत आलं तर काय? बाई खोटं नाही बोलल्या. पूर्ण घेतलं तरी शून्य होत नाही म्हणाल्या. गोळी रोज घ्यायची, वर्षाला मॅमोग्राफी चुकवायची नाही.

आज तिसरं सिटिंग झालं. डाव्या बाजूचं म्हणून श्वास धरायला लावतात, छाती फुगली की हृदय मागं सरतं म्हणे. आतून माइकवर आवाज येतो, "श्वास घ्या… धरा…" आणि वीसेक सेकंद धरून ठेवायचा. तिथला मुलगा म्हणाला, काकू, तरुण पोरींना नाही जमत, तुम्हाला एका दमात जमलं. म्हटलं, बाबा, अर्धं आयुष्य फुंकणीनं चूल फुंकण्यात गेलंय. एकूण दहा-पंधरा मिनिटं. काही कळत नाही, ना गरम ना गार. मशीन फिरतं आणि वर छताला कुणीतरी नारळीच्या झाडांचं चित्र लावलंय. कोकणातून घाट चढून यायचं आणि इथं येऊन माडच बघायचे!

नणंदेला काल फोन केला. सगळं सांगितलं, ते रंग सुद्धा. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तेव्हा मला हे कुणी दाखवलं असतं तर…" पुढं बोलली नाही. नंतर विचारलं, चौथ्याला मी येऊ का सोबत? गुडघे दुखतात तिचे, पण येतेय. यांना घरी थांबवलंय, गाय आज-उद्याकडे आहे.

प्रवासाचं ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहेच. पण मुंबईला जाणार असाल तर रेल्वेची कॅन्सर सवलत विचारा, हॉस्पिटलातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. नणंदेच्या वेळी आम्हाला हे शेवटच्या आठवड्यात कळलं होतं.

एकच विचारायचं राहिलं. काखेखालची कातडी किंचित लालसर वाटते. घरचं घाण्याचं खोबरेल आहे, लावू का?

डोसवाला, ठाणे

सिटिंगच्या आधी नको काकू, तेव्हा कातडी कोरडी आणि मोकळी असू द्या. रात्री लावायचं का ते उद्या तिथल्या सिस्टरना कातडी दाखवून विचारा, त्या देतील ते मलमच लावा. हळद, चंदन, पावडर काही नको. आणि काखेच्या खुणेची शाई घासू नका, नाहीतर तिथल्या पोराला पुन्हा आखत बसावं लागेल.

सोलापुरी चादर

ब्रेसियर आठ-पंधरा दिवस सोडून द्या, मऊ सुती पोलकं घाला. आणि गाय व्यायली की कळवा, खरवसाचा फोटो टाका.